सुलट्या आरएनएच्या अळ्या

हिमानी मेश्रामला आधी गुलाबी बोंडअळीचीच किळस यायची. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत ती पीएचडी करत होती. अळ्यांना खाणं द्यायचं, मेलेल्या चिमट्यानं काढायच्या. तो आंबूस वास ओढणीबरोबर वाडीतल्या घरापर्यंत यायचा. आंघोळ केल्याशिवाय आई, इंदूबाई, तिला ताटावर बसू देत नव्हती.

तिला अळीचं पचन बिघडवायचं होतं. पेशी जनुकावरून आरएनएचा निरोप उतरवते, त्या निरोपावरून प्रथिन बनतं. निरोपाला नेमका चिकटेल असा उलटा आरएनए आत सोडला, की निरोप वाचला जात नाही, पेशी तो तोडूनही टाकते. पाचक प्रथिन बनत नाही, अळी खुरटते. तुलनेसाठी काही अळ्यांना सुलटा आरएनए टोचायचा. तो निरोपासारखाच असल्यानं त्याला चिकटत नाही. त्या अळ्या धडधाकट राहायला हव्या होत्या.

त्याही खुरटल्या. प्रयोग पुन्हा केला, तरी खुरटल्या.

तिचे मार्गदर्शक रुपराव सर चहा घेत होते.

"सर, उलट्या आरएनएमुळंच झालं असं कसं म्हणायचं मग?"

"आपल्याले पाहिजे ते दिसून राहिलं ना? बस."

त्यांनी पेपरसाठी नुसतं पाणी टोचलेल्या टुमटुमीत अळीचा फोटो उचलला, त्याखाली 'सुलटा आरएनए' असं टाइप केलं आणि बिस्किट चहात बुडवलं. ते मऊ बिस्किट ओठांनी ओढून घेताना बघून हिमानीला त्यांची किळस आली. अळ्यांचीही तिला इतकी कधी आली नव्हती.

तिनं नमुने तपासले. सुलट्यात थोडा उलटाही मिसळला होता. दोघांचा मिळून दुहेरी धागा झाला होता, आणि असा धागा दिसला की पेशी त्याच्याशी जुळणारा निरोप आणखीच जोमानं तोडते. चुकीतून खरं, चांगलं काही हाती आलं होतं. सर म्हणाले, "पेपर छापाले गेला. आता हे उकरू नको."

तिनं नियतकालिकाला कारणासकट कळवून आपलं नाव काढायला लावलं. पेपर परत आला. सरांनी तिला आपल्या हाताखालून काढलं.

"काहून भांडली वं? वर्ष गेलं ना तुयं," इंदूबाई म्हणाली.

"मले त्यांची शिसारी येते, आई."

दुसऱ्या मार्गदर्शक बाईंकडे तिनं दुहेरी धाग्यावरच काम सुरू केलं. ते जमून राहिलंय. सर कॅन्टीनमध्ये दिसले, की मात्र हिमानी अजूनही चहा अर्धा ठेवून उठते.