पुडीतल्या सुया

पर्समध्ये पट्ट्याचा तुकडा टाकून मी नवी मशीन बघायला निघाले, तेव्हा एवढंच ठरवलं होतं की नारायणगुड्याच्या त्या दुकानाची पायरी चढायची नाही. चामड्याच्या बॅगा शिवायची माझी पहिली मशीन दोन वर्षांपूर्वी तिथूनच आली होती, आणि ती दोन वर्षं मी मशीनला आणि तिच्या विकणाऱ्याला एका दमात शिव्या देत होते.

तो आमच्यातलाच. त्याचे आजोबा आणि माझे आजेसासरे मराठवाड्यातल्या शेजारशेजारच्या गावांतून हैदराबादला आलेले. दिवसभर गिऱ्हाइकांशी तेलुगू नाहीतर उर्दूत बोलणारा तो माणूस मला बघून मराठीत "या वहिनी" म्हणाला आणि मी विरघळले. विरघळले म्हणजे घासाघीस केली नाही असं मात्र नाही. मी अंबरपेठेत पंधरा वर्षं ब्लाउज शिवलेत. अस्तराच्या दुकानदारापासून हुक विकणाऱ्यापर्यंत मला पहिल्या भावात कोणी काही दिलेलं नाही. मशीन जुनी होती, पण चामड्यासाठी हवी तशी होती: वरचा पाय, खालचे दाते आणि सुई, तिन्ही मिळून चामडं पुढे ओढणारी, कंपाउंड म्हणतात ती. तिच्यासाठी मी त्याच्याकडे तीन दिवस फेऱ्या मारल्या. भाव पाडला. मग टेबल त्यातच मागितलं, मोटार हळू चालणारी मागितली, तेलाची बाटली मागितली. तिसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत चढत होती तेव्हा म्हटलं, सुया तर टाका. त्याने खण उघडला, मूठभर सुट्या सुया काढल्या, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधली आणि माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी मी लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

मशीन दोन पदरांवर छान चालायची. खरी परीक्षा असते ती बॅगेला पट्टा जोडतात तिथे. तिथे चार पदर येतात, मशीनचा पाय पायरी चढतो, चार टाके घेतो, पुन्हा खाली उतरतो. माझी मशीन नेमकी त्या पायरीवर टाके सोडायची. एक नाही, दोन-दोन, तीन-तीन. कधी दोरा पिंजायचा. वरून शिवण बरी दिसायची आणि पट्टा महिन्याभरात हातात यायचा.

दुकानाचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने मशीन उघडली, काही सैल केलं, काही आवळलं, बसून माझा पट्टा शिवून दाखवला. एकही टाका सुटला नाही. मग तो आपलं सामान आवरून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. माझ्याकडे कामाला दोन बायका आहेत. त्यांतली थोरली म्हणाली, "अक्का, मशीन त्याला भिते. त्याचा फोटो लावा भिंतीला." आम्ही हसलो. हसू फार दिवस टिकलं नाही.

तिसऱ्या वेळी मी माणूस बोलावला नाही, स्वतः गेले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी त्याला विचारलं, आपल्या माणसाला भंगार विकताना काहीच कसं वाटलं नाही? तो आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने हिशेबाच्या वहीतून डोकंसुद्धा नीट वर केलं नाही.

"मशीन चांगली आहे, वहिनी. तुमचा हात कापडाचा आहे."

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि रोज थोडं थोडं वाढवलं. या हातावर मी दोन मुलांच्या फिया भरल्या होत्या. नवऱ्याचं दुकान बसलं तेव्हा घर याच हाताने उभं ठेवलं होतं. चामडं शिकायचं म्हणून एका बॅगवाल्याकडे सहा महिने नुसत्या कडा घासून दिल्या होत्या. आणि हा मला हात शिकवणार! त्यानंतर अंबरपेठेत मशीन घ्यायला निघालेल्या ज्या कोणी मला विचारलं, त्या प्रत्येकाला मी त्या दुकानाचं नाव सांगितलं आणि तिथे जाऊ नका असंही सांगितलं. चारजण तरी त्याच्या पायरीवरून परत फिरले. मला त्याचं समाधान होतं.

मग माझ्या बॅगा विकणाऱ्या हिमायतनगरच्या दुकानवालीने अकरा बॅगा परत पाठवल्या. सगळ्यांचे पट्टे. एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप रस्त्यावर आपटला होता. मी तिच्या दुकानात जाऊन पुष्कळ बोलले, तेवढंच ऐकूनही घेतलं. शेवटी ती म्हणाली, येत्या शनिवारी एक बॅग आणा. मी तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरून तीन दिवस खुंटीला टांगते. पट्टा राहिला तर वर्षभराचं काम तुमचं. नाही राहिला तर पुन्हा येऊ नका. माझं निम्म्याहून जास्त काम तिच्याकडचं. ते गेलं असतं तर त्या दोघी बायकांना घरी बसवावं लागलं असतं आणि मला पुन्हा ब्लाउजांवर जावं लागलं असतं. जुन्या मशीनवर ती बॅग शिवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून नवी मशीन.

शोरूम मोठं होतं, थंडगार. मालक तेलुगू, बोलायचा हिंदीत, दर वाक्याला मॅडम. त्याने आधी मला जीन्स शिवायची मशीन दाखवली आणि हीच चामडंही शिवते म्हणाला. मी म्हटलं, कुणाचं चामडं, उंदराचं? मग तो मुकाट पुढच्या रांगेत गेला. तिथे एक सपाट टेबलाची होती आणि एक नळीसारख्या बारीक हाताची, जिच्यावर बॅग बाहेरून चढवता येते. नळीची बघून माझा जीव तिच्यात गेला, पण मला पट्टे शिवायचे होते, हौस नव्हती करायची. मी सपाट मशीनपाशी थांबले. त्याने कप्प्यातून चामड्याचा एक मऊ तुकडा काढला आणि सरळ शिवण मारून दाखवली. असला दाखवायचा तुकडा प्रत्येक विकणाऱ्याकडे असतो. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात नेसवलेल्या साडीसारखा, त्यावरून काही कळत नाही. मी म्हटलं, तो ठेवा आत. आणि पर्समधून माझा चार पदरांचा तुकडा काढून टेबलावर टाकला.

शिवायला त्यांचा म्हातारा मिस्त्री बसला. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तोंडातून शब्द नाही. त्याने हळूहळू पाय चढवला, चार पदर ओलांडले, खाली उतरला. एकही टाका सुटला नाही. आतून मी उडीच मारली. वरून नाक मुरडलं. आवाज फार करते म्हटलं. दिवा पिवळा आहे म्हटलं. टेबलाचा पत्रा कोपऱ्याला उचललाय म्हटलं. मालक भावात खाली आला. मी अजून खाली बोलावलं. तो अजून आला.

आणि तेवढ्यात मला संशय आला. त्यांचा माणूस, त्यांचा दोरा, त्यांची सुई. माणूस बसलेला असेपर्यंत चालणारी मशीन मी घरी दोन वर्षं सांभाळली होती. यावेळी मी फसणार नव्हते. दोऱ्याची रीळ मी बरोबर आणलीच होती. पर्सच्या आतल्या खणात ती कागदाची पुडीही होती, अजून अर्धी भरलेली. जाड सुया सहसा मोडत नाहीत. मी दोन्ही काढून मिस्त्रीपुढे ठेवलं आणि म्हटलं, माझी सुई लावा, माझा दोरा लावा, मग भावाचं बोलू.

त्याने सुई उचलली, चष्म्याजवळ नेली, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"बातां नक्को," मी म्हटलं. "लगाओ."

त्याने लावली. माझ्या तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला पायरी चढला. तीन टाके सुटले. पुन्हा शिवलं, दोन सुटले.

मी आवाज चढवला. सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं सांगितलं की तुम्ही सगळे एकाच माळेचे. नारायणगुड्याचा तो पंख्याखाली बसून भंगार विकतो, तुम्ही एसीत बसून विकता, एवढाच फरक. दोन गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. मालकाचा चेहरा पडला. दोन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मिस्त्रीने पाय उचलला, माझी सुई काढली, तिचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवलं.

"अम्मा, ये कपडे की सुई है," तो म्हणाला. "चमडे की सुई काटती. ये बस घुसती."

त्याने माझाच दोरा ठेवला, स्वतःची सुई लावली, माझ्याच तुकड्यावर पुन्हा शिवलं. सगळे टाके जागच्या जागी. मग दोन्ही सुया माझ्या तळहातावर ठेवल्या आणि खणातलं भिंग दिलं. माझीचं टोक गोल होतं, खिळ्यासारखं. त्याच्या सुईला धार होती, इवल्याशा पटाशीसारखी. नुसत्या डोळ्यांना दोघी सारख्या.

कापडाची सुई मी अंधारात हाताने ओळखते. कितीची आहे, बोथट झाली का, वाकली का. जाडी बदलायची असते, एवढं चामड्याच्या कामात मी शिकले होते. टोकही वेगळं असतं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही. दोन वर्षं मी सुया विकत घ्यायला एकाही दुकानात गेले नव्हते, कारण माझ्याकडे भाव करून मिळवलेल्या होत्या.

मी आवाज खाली आणून विचारलं, घरची मशीन जुनी आहे, अशीच कंपाउंड, तिला ही सुई लावली तर? मिस्त्रीने मालकाकडे बघितलं. मालकाने मिस्त्रीकडे असं बघितलं की मला म्हाताऱ्याची दया आली. तो चष्मा पुसायला लागला. मला उत्तर मिळालं. मी पुडी उचलली, माझा तुकडा उचलला आणि निघाले. मालक मागून अजून एक कमी भाव बोलला. तो भाव चांगला होता.

रिक्षाने सरळ नारायणगुड्याला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरमागे चहा पीत होता. मला बघून उठला नाही. मी पुडी त्याच्यासमोर उलगडली.

"ह्या कशाच्या सुया आहेत?"

"कापडाच्या," तो म्हणाला. वाकून बघितलंही नाही.

मी विचारलं, देताना माहीत होतं? तो म्हणाला, देताना नाही. तीन दिवस मी त्याचं डोकं खाल्लं होतं, कधी एकदा ही बाई जाते असं त्याला झालं होतं, खणात हात घातला आणि आलं ते दिलं. पण त्याच्या माणसाने पहिल्याच फेरीनंतर येऊन सांगितलं होतं. माणूस स्वतःची सुई लावून शिवायचा आणि निघताना काढून घ्यायचा, दुकानाची म्हणून.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही आलात की सांगणार होतो. तुम्ही आलात ते दुकान डोक्यावर घ्यायला." त्याने कप खाली ठेवला. "फुकट मागितल्या, फुकट दिल्या. कशाच्या ते तुम्ही विचारलं नाही, वहिनी. आणि चार लोकांत भंगारवाला म्हणवून घेतल्यावर मी काय तुमच्या घरी सुया घेऊन यायचं?"

मग त्याने त्याचं गाऱ्हाणं काढलं. माझ्यामुळे कोण कोण परत फिरलं ते त्याला ठाऊक होतं. त्याची सख्खी मावसबहीण, तिनेसुद्धा माझं ऐकून मशीन दुसरीकडून घेतली होती, आणि लग्नकार्यात भेटली की ती अजून त्याला तोंड चुकवते. मी त्याला अकरा बॅगा सांगितल्या. त्याने ऐकल्या. पण मी आले होते ते त्यासाठी नव्हतं.

"सुई म्हणायच्या जागी तुम्ही हात म्हणालात," मी म्हटलं.

त्यावर तो रिकामा कप बशीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "रागात बोललो." माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. मी ते बाहेर येऊ दिलं नाही.

"चामड्याच्या सुया द्या. दहा."

त्याने पाकीट ठेवलं, यावेळी कंपनीचं, सीलबंद, आणि भाव सांगितला. भाव चढा होता. मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यालाही कळत होतं. मी सुरुवात करावी म्हणून त्याने जागा ठेवली होती, आणि तो वाट बघत होता. मी सांगितल्या भावाएवढ्या नोटा काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

भर दुकानात भंगारवाला म्हटलं होतं तेव्हा त्याचा चेहरा असा उतरला नव्हता. "कमी करतो ना, वहिनी," तो म्हणाला. मी म्हटलं, नको. त्याने नोटा घेतल्या नाहीत. खणातून दुसरं पाकीट काढून पहिल्यावर ठेवलं. "हे असू द्या. माझ्याकडून."

वरचं पाकीट मी एका बोटाने त्याच्याकडे परत सरकवलं, खालचं पर्समध्ये टाकलं आणि पायऱ्या उतरले.

शनिवारी बॅग हिमायतनगरला पोचली. तीन दिवसांसाठी टांगलेली ती आठवडाभर तिथेच राहिली, कारण दुकानवाली तिला विसरली. काम मिळालं. नवी मशीन घेतली का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. जुनीवर शिवलेलं कळलं असतं तर तिने भाव पाडला असता, मीही पाडला असता.

अजूनही लोक विचारायला येतात, चामड्याची मशीन कोणती घ्यावी. मी सांगते, आपला तुकडा घेऊन जा, चार पदरांचा, आणि पायरी चढवून बघा. मोटार हळू चालणारी घ्या. सगळ्यांत आधी सुईचं टोक बघा, भिंगातून. मग ते विचारतात, घ्यायची कुठून. जवळचं दुकान नारायणगुड्याचंच. सुटे भाग तिथे मिळतात, माणूस धंद्याला पक्का आहे, दुरुस्तीला येणारा त्याचा माणूस हुशार आहे. हे सगळं मला माहीत आहे.

मी म्हणते, "बघा, कुठे मिळते ते."