गेममधली अक्कलकोट गाडी

अप्पांचा डावा पाय साखरेनं गेला. चपलेचा पट्टा घासून झालेली साधी जखम होती. ती भरलीच नाही आणि शेवटी घोट्याच्या वर कापावं लागलं. अप्पा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी सरकारी लाल गाडी चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं सोलापूर–अक्कलकोट. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. आता कुणाची तरी शाळेची बस धरायची, लगीनसराईत वऱ्हाडाच्या गाड्या मारायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण क्लच डाव्या पायाचा असतो. विषय संपला.

दवाखान्यातून घरी आल्यावर ते खाटेवर भिंतीला टेकून बसायचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. आमचं घर अक्कलकोट रोडला लागूनच, त्यामुळे ऐकायला दिवसभर काम होतं. "ह्येचा तिसरा गिअर पडंना झालाय," एवढंच मधे एखाद्या वेळी बोलायचे.

गेम मी खेळायचो. कॉलेजात असल्यापासून माझ्या मोबाईलवर बस चालवायचा एक गेम होता. बाहेरदेशातल्या कंपनीचा, रीतसर विकत घेतलेला. स्टॉपवर गाडी थांबवायची, पॅसिंजर घ्यायचे, सिग्नल पाळायचे, बस. अप्पांचा पाय धड होता तेव्हा ते बघून म्हणायचे, "येवढं शिकलास ते बोटानं गाडी हाकायला व्हय?" मी हसून सोडून द्यायचो. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर चादरी-टॉवेलांची बिलं करून आल्यावर माणसाला थोडं मोकळं व्हायला काहीतरी लागतंच की.

एका रविवारी मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसून खेळत होतो आणि ते मान वाकडी करून बघत होते.

"ब्रेक कवा मारतोस? उभी पॅसिंजर तोंडावर पडत्याल."

"गेम आहे अप्पा. इथं कुणी पडत नाही."

"आन हिकडं."

मोबाईल त्यांनी माझ्या हातातून घेतला. त्या दिवसापासून तो गेम त्यांचा झाला. पुढं मी मोबाईलसुद्धा त्यांनाच देऊन टाकला आणि माझ्यासाठी दुसरा घेतला.

ह्या गेममध्ये एक सोय होती. कंपनीनं दिलेल्या गाड्या आणि रस्ते होतेच, पण खेळणाऱ्याला आपली गाडी आपण रंगवून त्यात घालता यायची, आपला रस्ता आपण बनवून घालता यायचा. देशभर हजारो लोक हा उद्योग करायचे. कुणी आपल्या राज्याची हिरवी गाडी, कुणी निळी. अशा लोकांचा देशभरचा एक व्हाट्सॲप ग्रुप होता, त्यात मीही होतो. मी आमची लाल गाडी रंगवायला घेतली आणि अप्पा शेजारी बसून चुका काढायला लागले. "ह्यो कुकवाचा लाल झाला. गाडीचा लाल उनात मरतो, जरा मळका कर." मागची शिडी, खिडक्यांचे गज, समोरची अक्कलकोटची पाटी, सगळं त्यांच्या पसंतीनं झालं. रस्ता बनवला ग्रुपमधल्या एकानं. तो कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर आहे. माझ्या शब्दाखातर तो एका सुट्टीला मोटारसायकलवर मोबाईल बांधून अक्कलकोटपर्यंत रस्त्याचं शूटिंग करत गेला आणि मग घरी बसून महिनोन्‌महिने तो रस्ता उभा करत राहिला. कुंभारीचा फाटा, वळसंगचा स्टँड, कडेची लिंबाची झाडं, रसवंत्या. अप्पांनी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा कौतुक केलं नाही. "वळसंगच्या अलीकडं एक खड्डा ऱ्हायला," म्हणाले. फिटरनं खड्डा घातला.

मग दुपारची गाडी सुरू झाली. अप्पांबरोबर कैक वर्षं कंडक्टर म्हणून राहिलेले एक मुसलमान गृहस्थ आमच्या मागच्या गल्लीत राहतात. अप्पा त्यांना मास्तर म्हणतात. दुपारची नमाज उरकून ते यायचे, खाटेशेजारी खुर्चीवर बसायचे.

"क्या डायवरसाब, गाडी कब छोडते? कुंभारीवाले खडे हैं."

"पाणी तर पिऊ द्याल का न्हाय?"

मास्तर चमच्यानं पेल्यावर दोनदा वाजवायचे आणि गाडी सुटायची. गेममध्ये वेळेवर पोचलं की गुण मिळतात. अप्पांनी गुणांकडं कधी बघितलं नाही. कुंभारीच्या स्टॉपवर कुणी नसलं तरी ते गाडी थांबवायचे, कारण तिथं गाडी थांबते. अव्वा, माझी आई, आतून भांडी घासता घासता म्हणायची, "अवो, मला बी घ्या की. माहेराला सोडा." तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी गावात.

"मास्तरकडनं तिकीट काढ," अप्पा म्हणायचे.

"भाभीकू आधा," मास्तर म्हणायचे. "सरकार का हुकूम हय."

असं वर्षभर तरी चाललं असेल. अप्पांची भूक सुधारली. रात्री झोपही लागायला लागली.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मास्तर निघून गेलेले, अप्पा मोबाईल मांडीवर उताणा ठेवून बसलेले.

"गाडी गेली."

"कुठं गेली?"

"काय म्हाईत. उघडलं तर ही आली."

मी बघितलं. पिवळी दुमजली बस. स्टिअरिंग डावीकडं, आणि रस्त्यावर सगळी वाहनं उजव्या बाजूनं चाललेली. कुठल्यातरी परदेशी शहरातली काचेची घरं. वर नाण्यांची पेटी, खाली गाड्यांचं दुकान, मधोमध नव्या हंगामाची जाहिरात. गेम आपोआप नवा झाला होता. एका पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं की खेळाडूंच्या अधिक सुरक्षित आणि आनंददायी अनुभवासाठी खेळाडूंनी बनवलेल्या गाड्या आणि रस्ते यापुढं चालणार नाहीत. मी ते मराठीत सांगितलं.

अप्पांनी विचार केला. "सुरक्षित म्हंजे? अपघात झाला का कुणाचा?"

मी ग्रुप उघडला तर तिथं आग लागली होती. मल्याळी, तमिळ, हिंदी, जो तो आपापल्या भाषेत शिव्या देत होता. कुणी सांगत होतं की आता रंगवलेल्या गाड्या कंपनीच दुकानात विकणार. कुर्डुवाडीच्या फिटरनं एकच शब्द टाकला होता: "झालं."

"अर्ज कर," अप्पा म्हणाले.

हे ते सहज बोलले, आणि त्याला कारण आहे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी लाजत सांगत नाही, कारण त्यासाठी अव्वानं रात्रंदिवस टॉवेलांच्या कडा शिवल्या आहेत. बी.कॉम. होऊन मला मोठी नोकरी लागली नाही, पण अर्ज करता यायला लागला. गल्लीतली पाण्याची लाईन माझ्या अर्जानं आली. अव्वाच्या रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव मी बदलून आणलं. अप्पांची पेन्शन अडकली तेव्हा मी तीनदा साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो आणि चौथ्यांदा ती घेऊन आलो. कुठल्याही ऑफिसात जाऊन ताठ उभं राहायचं मला भय वाटत नाही. पाव्हणे-रावळे त्यांच्या पोरांना सांगतात, त्याच्याकडं जा, तो लिहून देईल.

म्हणून मी बसलो आणि इंग्रजीत चांगला पानभर अर्ज लिहिला. पाठवायचा कुठं, हे त्यानंतर शोधायला लागलो. पत्ता नव्हता. फोन नंबर नव्हता. गेममध्ये मदतीसाठी एक चौकट होती, तिच्यात ठराविक अक्षरंच बसत होती. मी अर्ज कापायला घेतला. आधी मायना गेला. मग अप्पांची नोकरी गेली, मग पाय, मग अक्कलकोटचा रस्ता. शेवटी एक ओळ उरली की जुनी सोय कृपया परत द्यावी. ती पाठवली. बोट उचलायच्या आत उत्तर आलं, नव्या हंगामात जास्त नाणी कशी मिळवावीत याचं.

ग्रुपनं ठरवलं की सगळ्यांनी गेमला एकच तारा द्यायचा. तारे घसरले की कंपनीला घाम फुटेल. मी माझा दिला. अप्पांच्या मोबाईलवरून त्यांचाही द्यायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"एक? पाच दे."

"अप्पा, एक म्हणजे निषेध. पाच दिले तर त्यांना वाटेल सगळं चांगलं आहे."

"तुला पेन्शन कशी मिळाली? सायबाला शिव्या घालून? आदी साहेबाला बरं वाटाय पायजे, मग आपलं काम सांगाचं. येवढं शिकलास आन येवढं कळंना तुला."

त्यांनी स्वतः पाच तारे दाबले आणि खाली मोबाईलला बोलून दाखवत मजकूर उतरवला: साहेब, आपली कंपनी चांगली आहे. आमची लाल गाडी तेवढी परत द्यावी. आपला विश्वासू. आणि खाली नाव आणि ड्रायव्हरचा बिल्ला नंबर.

ग्रुपमध्ये कुणीतरी त्याचा फोटो टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. हे कोण काका, एकानं विचारलं, कंपनीच्या गळ्यात हार घालायला निघालेत. माझे वडील आहेत, असं मी लिहिलं. हसणं थांबलं.

दोन दिवसांनी अप्पांना उत्तर आलं, तेही मराठीत. "प्रिय खेळाडू, तुमच्या प्रेमाबद्दल धन्यवाद. नव्या हंगामात धमाल करा." अप्पांनी ते मास्तरांना दाखवलं, अव्वाला वाचून दाखवलं. मला म्हणाले, "बघ. तुला इंग्रजीत आलं, मला मराठीत. कुणीतरी वाचलंय."

"अप्पा, हे मशीन लिहितं. सगळ्यांना हेच येतं."

"मशीनला कुणीतरी सांगिटलं असंल की."

सांगितलं असणारच कुणीतरी. ते रोज दुपारी गेम उघडायचे, पिवळी गाडी बघायचे, बंद करायचे. मास्तर यायचे, चहा घ्यायचे, पेला वाजवायचे नाहीत.

फिटरला माझ्यापेक्षा जास्त राग आला असावा, पण तो राग कामाला लावणारा माणूस. त्यानं गेमची जुनी फाईल कुठूनतरी मिळवून पाठवली. ती अव्वाच्या जुन्या मोबाईलवर चढवली आणि खरंच, लाल गाडी उभी. मास्तरांना बोलावणं गेलं. त्या आठवड्यात गाडी अक्कलकोटला गेली आणि आली. काच तडकलेली होती, मोबाईल तापायचा, तरी चालली. मग एका दुपारी वळसंगच्या पुढं पडद्यावर पाटी आली की पुढं जायचं असेल तर नवा गेम घ्या. ती पाटी हटेना. मोबाईल बंद करून चालू केला, फाईल काढून परत घातली. फिटरला फोन लावला.

"सर्व्हर त्यांचा हाय," तो म्हणाला. "त्यांनी दार लावलं की आपली किल्ली कुटं चालणार? माझी सगळी मेहनत हितं माझ्या कॉम्प्युटरवर पडलीय, पण ती घालायची कशात?"

अप्पांना मी म्हणालो, चला, रविवारी खऱ्या गाडीनं अक्कलकोटला जाऊन येऊ, दर्शन घेऊ. कुबड्या घेऊन चढता येईल.

"शीटवर बसून?"

"मग काय झालं?"

"दुसऱ्याचं ब्रेक मोजत बसू व्हय? न्हाय जमायचं."

शेवटी कंपनीचं निवेदन आलं. इतक्या लोकांनी बोंब मारली होती म्हणून आलं असेल. ग्रुपमध्ये रात्रीच पोचलं होतं, पण मी सकाळी अप्पांपुढं उघडलं. लांबलचक इंग्रजी. अप्पा म्हणाले, सगळं वाच, गाळू नकोस. मी एकेक वाक्य वाचत मराठीत सांगत गेलो. तुमचा आवाज आम्ही ऐकला आहे. तुमची आवड हेच आमचं बळ आहे. हा निर्णय सोपा नव्हता. जुनी सोय परत येणार नाही. पुढच्या प्रवासात तुम्ही आमच्यासोबत असाल अशी आशा आहे.

"ऐकलंय म्हनत्यात," अप्पा म्हणाले.

"हो."

"आन न्हाय म्हनत्यात."

"हो."

"सही कुणाची हाय?"

मी खाली बघितलं. नाव नव्हतं. 'तुमची टीम' असं लिहिलं होतं आणि पुढं एक लाल बदाम.

"सही नाही अप्पा. टीम लिहिलंय."

"टीम म्हंजे कोण? पदनाम काय हाय?"

"तसं काही नाही."

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्या बदामावर बोट ठेवून दाबून बघितलं. काही उघडलं नाही. डेपोत असताना त्यांच्या किती रजा नामंजूर झाल्या, किती बदल्या रद्द झाल्या नाहीत, ते मला माहीत आहे. दर वेळी खाली एक सही होती, आणि ती सही कुणाची ते अप्पांना माहीत होतं. सणाला त्या माणसाला ते तिळगूळसुद्धा देऊन यायचे. मी तिथं उभा राहून माझ्या ओळखीतली सगळी ऑफिसं मनात फिरून आलो. ह्या कामाला त्यातलं एकही नव्हतं.

दुपारी मास्तर आले. सवयीनं खुर्ची ओढली, अप्पांच्या तोंडाकडं बघितलं.

"क्या हुआ डायवरसाब?"

"रूट बंद झाला."

"कौन किया बंद?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मास्तरांनीही बघितलं. अव्वा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, चहा टाक गं अव्वा, आणि उठून ऑफिसला निघालो, खरंतर त्या दिवशी माझी सुट्टी होती.