दोन पायऱ्या आणि भीमराज हरकारा

भीमराज हरकारा घाटंजीहून डाकेची थैली घेऊन जंगलातल्या चार गावांना पळत जायचा. बारा वर्षं पळाला. भाल्याचे घुंगरू वाजले की शेतातल्या बाया म्हणायच्या, “आली बाप्पा डाक!” हरकाऱ्याचा एकच नेम: थैली दुसऱ्याच्या हाती देईस्तोवर थांबायचं नाही.

सन एकसष्टच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजू लागले. आडवं झालं की छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. पोस्टमास्तरांनी फर्मावलं, काम झेपतं असा दवाखान्याचा दाखला आण, नाहीतर काम सोड. सरकारी पट्टा कमरेला बांधणारा घरातला तो पहिलाच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर म्हाताऱ्या बापानं गावकीची कामं सोडली, तीही याच्याच भरवशावर. आणि दाखला मिळाला तर? पुन्हा तोच चढ, तीच धाप. दोन्हीकडून कोंडी.

तपासणीच्या सकाळी सूज दिसू नये म्हणून त्यानं पोटऱ्यांना पट्ट्या करकचून बांधल्या. बायको कांताबाई म्हणाली, “पाय लपवान तुमी, पन धापेले कोनती पट्टी बांधान?”

डॉक्टरांनी दोन लाकडी पायऱ्या मांडून ठेवल्या होत्या. नाडी मोजून ते म्हणाले, “इकडून चढा, तिकडून उतरा, परत फिरा. आपल्या चालीनं. दम लागला की थांबा. मला तेच पाहायचं आहे.”

भीमराजला एकच चाल ठाऊक होती. तो पळाला. दहा फेऱ्यांत ओठ काळे पडले. “थांबा!” डॉक्टर ओरडले. ऐकू आलं, पण पाय ऐकेनात. समोर थैली घेणारं कुणी नव्हतं. शेवटी नाडीसाठी डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा त्या हातात हात देऊन तो जागीच उभा राहिला.

“अहो, मरायचं होतं का? सांगायचं ना!”

“आमच्या कामात मंधात थांबला थो चोर, साहेब.”

डॉक्टर हसले नाहीत. “उद्या या. पट्ट्या सोडून.”

दुसऱ्या दिवशी कांताबाई दाराशी उभी होती. पहिली फेरी. दुसरी. तिसरीला वरच्या पायरीवर छातीत हवा शिरेना. आणखी एक पाऊल रेटलं असतं तर लपलंही असतं. त्यानं कांताबाईकडे पाहिलं.

“थांबलो, साहेब,” तो म्हणाला. बोलताना त्याची मान खाली गेली होती.

डॉक्टरांनी लिहिलं, लिफाफा चिकटवला आणि पोस्टमास्तरांना द्यायला त्याच्याच हाती ठेवला. बाहेर येताच कांताबाई कुजबुजली, “फाडून टाका न! कोन पाह्यते?”

“वेडी हायेस का? दुसऱ्याच्या नावाचं हाये थे.”

पोस्टमास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. भीमराजनं कमरेचा पट्टा सोडायला घेतला. बक्कल निघेना. अखेर कांताबाईनं पुढे होऊन ते काढलं.