गोखिवऱ्यात मदरबोर्ड बसतो

तान्हं मूल असलेल्या घरात किस्से दुपट्यांसारखे साठतात. एक वाळत घालावं, तर दोन नवी तयार!

आमच्या गोखिवऱ्याच्या घरातला ताजा ढीग मदरबोर्डचा. बाळंतपणाची रजा संपून सोमवारी मला घरूनच कामाला लागायचं होतं, आणि शनिवारी कॉम्प्युटरने मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. नवीन घेऊन जा, पण बसवायला मी मंगळवारी येईन."

"त्यात काय! व्हिडिओ बघून आपणच बसवू," निखिल म्हणाला. निखिल म्हणजे नवरा. त्याच्या 'आपण'मध्ये तो कधीच नसतो!

*

व्हिडिओत सांगितलं होतं, अंगातल्या विजेने बोर्ड जळू शकतो, अधूनमधून लोखंडाला हात लावा. मी घाबरट. दर स्क्रूमागे लोखंडी कपाटाला शिवून येत होते.

सासूबाईंनी विचारलं, "कपाटाला सारखा नमस्कार कसला?"

"अंगातली वीज काढतेय, आई."

"मूल झाल्यावर अंगात वीज उरते होय?"

*

नवी वस्तू म्हटल्यावर सासूबाई हळदकुंकू घेऊन हजर. कुंकू पडू नये म्हणून मी बोर्डावर आडवं पडायचंच बाकी होतं. शेवटी तडजोड झाली: रिकाम्या खोक्याला कुंकू, अक्षता, जास्वंद!

निखिल म्हणाला, "वॉरंटीत परत न्यायची वेळ आली, तर दुकानदार आधी पाया पडेल."

*

तेवढ्यात शेजारच्या फिलूमावशी आल्या. त्यांच्याकडे चर्चमधून आणलेल्या आशीर्वादाच्या पाण्याची बाटली कायम असते. त्यांनी झाकण उघडलं.

"मावशी, पाणी सोडून काहीही!"

मग त्यांनी लांबूनच हवेत क्रुसाची खूण केली. सासूबाई खूश. "दोन्हीकडून झालं. आता न चालून सांगतो कुणाला!"

*

रॅमची पट्टी खाचेत 'खट्ट' वाजेपर्यंत दाबायची असते. मी नुसती गोंजारत होते.

"अगं दाब! रॅम आहे ती, मनूचं नख कापत नाहीयेस!" निखिल ओरडला.

मनू म्हणजे आमची रांगती लेक. तिची नखं मी अजून झोपेतच कापते. तिच्या झोपेत, माझ्या नव्हे.

*

मग एक स्क्रू हरवला आणि माझी खात्रीच पटली, मनूने गिळला! तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, चटई झटकली, सासूबाईंना उठवून त्यांची खुर्ची उलटी केली. निखिल डॉक्टरांना फोन लावणार, इतक्यात थांबला.

"तुझ्या हातात काय आहे?"

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्याच्या लोहचुंबकी टोकाला स्क्रू लटकत होता!

भीती काही गेली नाही. मी तिथल्या तिथे सगळ्यांना फर्मान काढलं: जमिनीवर काहीही पडलेलं नको, आणि मनूच्या हाताला येईल असं एकही बटण चालू दिसता कामा नये!

*

रविवारी दुपारी सगळं जोडून झालं. कॅबिनेट टेबलाखाली ठेवलं, त्याच्या मागचं छोटं काळं बटण चालू केलं, बाहेर येऊन पुढचं दाबलं. ढिम्म!

पुन्हा उघडलं. रॅम काढून बसवली, वायरी तपासल्या, मागचं बटण चालू, पुढचं दाबलं. ढिम्म!

निखिल पडेल आवाजात म्हणाला, "बोर्ड जळाला बहुतेक." मी साहेबांना मेसेज लिहायला घेतला: उद्या कामाला लागू शकत नाही. डोळ्यांत पाणी. शेवटचं म्हणून टेबलाखाली वाकले, तर मागचं बटण बंद! चालू केलं. वर येते तोवर खाली 'टक्'.

पुन्हा वाकून पाहिलं. टेबलापलीकडे सासूबाई चटईवर बसलेल्या. मांडीवर मनू, एक हात कॅबिनेटच्या मागे.

"तूच सांगतेस आणि तूच विसरतेस," त्या म्हणाल्या. "मघापासून मी आपली बंद करतेय!"