मशीनच्या पाया पडायला मनाई

गिरण्यांचा संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. बाबा मात्र एके सकाळी गुळगुळीत दाढी करून मला म्हणाले, "तुझ्या कंपनीत बघ गो काय असला तर."

मी लालबागला इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. साहेबांच्या मागे लागून बाबांना तीन महिन्यांच्या बोलीवर लावून घेतलं, तेही माझ्याच हाताखाली. बाटल्या भरायच्या निर्जंतुक खोलीत.

त्या खोलीचं सोवळं आमच्या गणपतीलाही झेपलं नसतं. बाहेरचे कपडे उतरवा, कोपरापर्यंत हात धुवा, टोपी घाला, मास्क बांधा, झगा जमिनीला न टेकवता चढवा, शेवटी हातमोजे. आत हळू चालायचं, कामापुरतंच बोलायचं, हात छातीसमोर धरायचे आणि हातमोजा तोंडाला, टोपीला, कशाला म्हणून लावायचा नाही. मला हे शिकायला आठ दिवस लागले होते. बाबा दोन दिवसांत शिकले, आणि खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं.

तिसऱ्या दिवशी ते मशीनसमोर उभे राहिले. मशीनला हात लावला आणि तोच हात कपाळाला. गिरणीत साचा, म्हणजे त्यांचा माग, सुरू करताना आणि सुटताना तीस वर्षं केलं तसंच.

मी बाहेरून खोलीच्या काचेवर थाप मारली. बाबांनी हातमोजे बदलले, समोरचा बाटल्यांचा ट्रे बाद झाला आणि मी वहीत वडिलांच्या नावापुढे चूक लिहिली. बोलीवरच्या माणसाच्या तीन चुका झाल्या की त्याला घरी पाठवत.

पुढच्या महिन्यात दुसरी झाली.

त्या संध्याकाळी मी घरात आवाज चढवला. "नोकरी नको असेल तर तसं सांगा!" आई चुलीपुढून म्हणाली, "बापाशीक नापास करूक निघालंस?" मी तिच्यावरही ओरडले.

बाबा म्हणाले, "संपाच्या दिवशी सगळ्यांवांगडा मीय भायर पडलंय. चार दिसांनी परत येवचाच आसा, म्हणान साच्याक हात लावूक नाय. ता काम परत काय गावूक नाय."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मला रडूच आलं.

रोज काम संपलं की मशीनचे भाग सुटे करून बाहेरच्या खोलीत धुवायचे आणि वाफवून पुन्हा आत न्यायचे. धुण्याआधी त्यांना कोणाचाही हात लागला तरी बिघडत नसे. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, माणूस जरा वयस्कर आहे, धुण्याच्या कामाला द्या. "भरायच्या खात्यातून धुण्याला? चालेल त्यांना?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, चालेल.

बाबांच्या पुढ्यात चकचकीत पोलादी भाग मांडले गेले. त्यांनी एकेकाला उघडा हात लावून कपाळाला लावला. डोळे मिटून उभे राहिले. मी घड्याळाकडे पाहिलं आणि वही मिटून ठेवली. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि साबण घेतला.

तोवर त्यांना कारखान्यात येऊन दीड महिना झाला होता. त्या संध्याकाळी घरात पाय ठेवताच त्यांनी डबा आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आज कामाक लागलंय."