इब्राहीमने कोणतेच ताट नाकारले नाही

हिमरू कापडाच्या मागावर बसणारा मुष्टियोद्धा इब्राहीम १९५२ साली ऑलिंपिकला गेला आणि पहिल्याच लढतीत गुणांवर हरला. त्याने तिथे तीन गोरे लोळवले, असे औरंगाबादेत अजूनही सांगतात. त्याला काडीचा आधार नाही. आधार आहे तो त्याच्या लोकप्रियतेला. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर हिंदू-मुसलमान शेजारी एकमेकांशी जपून बोलत होते. तरीही तो परतला तेव्हा स्टेशनपासून गुलमंडी चौकापर्यंत त्याला उचलून आणणाऱ्यांत दोन्ही समाजांचे खांदे होते.

तो सर्वांत हलक्या वजनगटात लढे. पुढच्या ऑलिंपिकची निवड चाचणी मुंबईत ठरली, तेव्हा त्याची तिशी उलटली होती. ही संधी अखेरची, हे त्याला आणि त्याची पत्नी जोहरा हिला ठाऊक होते. काट्यावर अर्धा शेर जास्त भरला, तरी लढायला मिळत नसे. नेमक्या त्याच आठवड्यात गावाने त्याला जेवायला बोलवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी शहागंजच्या शौकतमियाँकडे मटणाचा नान-खलिया झाला. दुसऱ्या सकाळी हर्सूलचे जमीनदार आणि गल्लीतलेच शेजारी नानासाहेब दारात हजर.

"काल शौकतमियाँकडं जेवलास म्हणं. आमच्या घरचं पानी चालंल ना?" ते हसत म्हणाले.

"वाढा की, नाना," इब्राहीम म्हणाला.

जोहराने रात्री त्याला अडवले. "एक हफ्ता सब को नक्को बोलो."

"उसके घर खाया, इनके घर नक्को बोलूँ? फिर लोगां गिनते बैठेंगे, जोहरा."

मग घरामागून घर झाले. मुंबईत वजन उतरवायला मे महिन्याच्या उन्हात तो लोकरी कोट घालून धावला, डोके भादरले. काटा खाली आला नाही, आणि त्याला लढता आले नाही. हे जोहराने सांगितले, आणि सरावातला त्याचा जोडीदार मुबारक, जो काट्याजवळ उभा होता, त्यानेही स्वतंत्रपणे सांगितले. म्हणून मी ते ग्राह्य धरतो.

खरे सांगणे म्हणजे यजमानांना दोष देणे. इब्राहीमने परतल्यावर हात दुखावल्याचे सांगितले. पण तोच हात मागावर सुरळीत चालताना लोकांना दिसत होता. "एकच ठोसा खाल्लाय, अजून धसका गेला नाय," असे गुलमंडीच्या हॉटेलांत बोलले जाऊ लागले. एकदा नानासाहेबांनी त्याला तोंडावरच विचारले.

"हात तर बरा दिसतो तुजा. भ्यालास व्हय?"

"व्हय, नाना. भ्यालो."

त्यानंतर कोणी त्याला जेवायला बोलावले नाही. पुढल्या उन्हाळ्यात नानासाहेबांच्या मुलीचे लग्न निघाले. गल्लीतल्या प्रत्येक घरी अक्षत आली. इब्राहीमकडे आली नाही; चुकून राहिली असेल, असे तो म्हणाला. लग्नाच्या दिवशी धुतलेली शेरवानी घालून तो ओट्यावर बसला. पंगतीचे बोलावणे करणारा माणूस शेजारच्या दारापर्यंत आला आणि पुढे गेला. दुपार कलल्यावर जोहराने जेवणाचा दस्तरखान पसरला.

"भूख नहीं," तो म्हणाला, आणि शेरवानी उतरवून मागावर जाऊन बसला.