सुलभाताईंचा जर्मनचा वर्ग

मुंबईच्या विमानतळावर माझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा आईने लोणच्याची बरणी बाहेर काढली आणि जर्मन शब्दकोश तसाच राहू दिला. बाबा म्हणाले, "इंग्रजांच्या पोरांना जर्मन शिकवायला आमची नाशिकची मुलगी! तिकडची माणसं संपली का?" चेष्टाच होती, पण विमानात तेच आठवून मला रडू येत होतं. माणसं संपली नव्हती, भाषांचे शिक्षक मात्र खरंच कमी पडत होते. म्हणून २००३च्या सप्टेंबरात मी कॉव्हेंट्रीच्या एका शाळेत रुजू झाले.

पहिल्याच आठवड्यात इयर नाइनमधल्या, तेरा वर्षांच्या केलीने विचारलं, "मिस, तुम्ही इंडियन. तुम्हाला जर्मन कसं येणार?" वर्ग खो खो हसला. मी स्टाफरूममध्ये डोळे पुसत बसले होते. साठीला आलेल्या एका बाईंनी समोर चहाचा मग ठेवला, काय झालं ते ऐकून घेतलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "मलाही हेच विचारलं होतं. तीस वर्षं झाली त्याला."

त्या सुलभाताई जाधव. मूळच्या साताऱ्याच्या, लग्न होऊन इथे आलेल्या, आमच्या भाषाविभागाच्या प्रमुख.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, जर्मन तुमची नाही तशी माझीही नाही. मी शिकले, तुम्हीही शिकाल. आणि कुठे अडखळायला होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गात मागे बसले. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं, आणि इंग्रज मुलं हमखास तिथेच हात टेकतात. ताई त्यांना सांगत होत्या, "माझ्या भाषेत चमचा 'तो', वाटी 'ती' आणि ताट 'ते'. का, ते विचारू नका. आम्ही पाठ केलं, तुम्हीही करा." कॉव्हेंट्रीच्या हेलात तीस मुलं 'तो चमचा' म्हणाली आणि मी इथे आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. त्यांचं बघून बघून मीही शिकवायला शिकले. केली पहिल्या बाकावर येऊन बसायला लागली.

पण वसंतात बातमी आली, की चौदाव्या वर्षानंतर परकी भाषा शिकणं आता सक्तीचं नाही. हेडटीचर म्हणाले, पंधरा मुलांनी शुक्रवारपर्यंत जर्मन निवडलं तरच पुढे वर्ग चालेल. यादीत नावं सहा. ताई त्याच जुलैत निवृत्त होणार होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही आता कशाला दगदग करताय?"

त्या माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या. "रिटायर मी होतेय, जर्मन नाही!"

चार संध्याकाळी आम्ही बसने मुलांच्या घरी गेलो. केलीचे वडील मोटारीच्या कारखान्यात होते. दार अडवूनच त्यांनी विचारलं, "जर्मन शिकून तिला काय मिळणार?" ताईंनी वाद घातला नाही. जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये इंजिनियर असलेल्या कॅरन नावाच्या जुन्या विद्यार्थिनीला मोबाइलवरून फोन लावला आणि तो त्यांच्या हातात दिला. कॅरन त्यांच्याच गल्लीत वाढलेली निघाली. दहा मिनिटं दोघं बोलत होते. मग फोन परत करून ते केलीला म्हणाले, "आण तो फॉर्म."

शुक्रवारी यादीत एकोणीस नावं होती. ताईंनी ती दोनदा मोजली आणि कॉरिडॉरमध्ये मला घट्ट मिठी मारली.

जुलैमध्ये त्यांचा निरोपसमारंभ झाला. तीस वर्षांतले विद्यार्थी आले होते. कुणी नर्स, कुणी लॉरी चालवणारे, कॅरन तर विमानाने आलेली. ताई आत येताच अख्खा हॉल उभा राहिला आणि एका सुरात गरजला, "गुटन मॉर्गन, फ्राउ जाधव!"

ताईंनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळचे सहा वाजलेत. गुटन आबेंड! परत म्हणा."

आणि सगळे, पन्नाशीला टेकलेलेसुद्धा, परत म्हणाले.

त्या रात्री मी नाशिकला पत्र लिहिलं, "आता ताईंच्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नाशिकहून तुम्ही सगळे विचारता, कधी येणार? इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येतेय, चांगली पाच आठवडे राहीन. पण सप्टेंबरच्या आधी मला घरी परतायलाच हवं, एकोणीस जण वाट बघत असतील."

'घरी' कुठल्या गावाबद्दल लिहिलं, ते नंतर लक्षात आलं. शब्द खोडला नाही.